सामाईची दोन दारं

फार वर्षांपूर्वी म्हणजे नेमकी किती, हे मला विचारू नका. डोंगरातली लेणी तेव्हा पडीक नव्हती, त्यांत माणसं राहत होती, एवढं सांगतो. पावसाळ्यात भिक्खू तिथे मुक्कामाला येत आणि सकाळी भिक्षापात्र घेऊन खाली उतरत. लेण्यांच्या पायथ्याशी नदी, आणि नदीच्या अलीकडे कळकशेत, म्हणजे आपलं हेच गाव; गावाच्या पाठीशीही वेळूचा डोंगर. पूल नव्हता. चार माणसं बसतील एवढी एक होडी होती. त्या होडीच्या नावाड्याची बायको सामा, आणि ही गोष्ट तिची. पुढे तिला सगळे सामाई म्हणायला लागले, पण आई म्हणवून घेण्याआधी तिच्या हातून काय घडलं ते आधी ऐकावं लागेल.

सामाचा नवरा एका पुरात होडी वाचवायला गेला. होडी वाचली, तो गेला. मग सामाच वल्हं मारू लागली. पदरात एक मुलगी होती, सात वर्षांची तानी. सामा उतारूंना पल्याड नेई आणि तानी घाटावर बसून मांजराशी बोले. मांजराचं नाव मनी. गावातल्या निम्म्या मांजरांचं नाव तेव्हाही मनीच असायचं.

आता गावाची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. मांजर मारणं म्हणजे महापाप, ते कळकशेतात कोणी करत नसे. पण मांजर वर्षातून दोनदा वितं आणि घरं काही वाढत नाहीत. मग नकोशी पिल्लं पोत्यात घालायची, पोतं हातात धरून जागच्या जागी तीन गिरक्या घ्यायच्या, म्हणजे आतल्या जिवाला दिशा कळू नये. होडीतून पल्याड जायचं, काठावरच्या उंबराखाली पोतं ठेवायचं आणि परत फिरायचं. मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर मांजर माणसाच्या नजरेला धरून घरी येतं, अशी समजूत. पिल्लांचं पुढे काय झालं ते कोणी विचारत नसे. मारलं नाही ना, मग झालं. आपण माणसं अशा बाबतीत फार हुशार असतो.

होडीत बसलेली ही माणसं पल्याड नेताना सामाकडे तोंड करून गप्पा मारत, परत जाताना गावाकडे तोंड करून मुकाट बसत. सामाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वल्हं मारणं तिचं काम होतं.

मग एका भादव्यात तानीला ताप आला. औषधपाणी झालं, ताप उतरेना. त्यातच मनी तानीच्या गोधडीत व्यायली, चार पिल्लं झाली. तानी तापातही हसली. पण शेजारणी म्हणाल्या, “आजाऱ्याच्या अंथरुणात मांजर व्यालं, हे बरं न्हवं, सामे.” सामाचा जीव आधीच टांगणीला लागलेला. तिनं गोधडीचा एक कोपरा फाडला, पिल्लं त्यात बांधली, तीन गिरक्या घेतल्या आणि होडी लोटली. उंबराखाली गाठोडं ठेवलं. मागे वळून बघितलं नाही.

घरी आली तेव्हा तानी जागी होती.

“आये, पिल्लं कुठं गेली?”

“फिराया गेल्यात. येतील.”

“मग दार लावू नगंस,” तानी म्हणाली.

सामाने हो म्हटलं आणि वारा लागेल म्हणून दार लावलं. दुसऱ्या दिवशी तानी गेली. मनीही त्या दिवशी घरातून बाहेर पडली ती कोणाला पुन्हा दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी सामाने घराचं पुढचं दार लावलं, परसदार लावलं, दोन्हींना काथ्याच्या दोरीच्या गाठी मारल्या आणि होडी घेऊन पल्याड गेली. जीव द्यायला गेली होती असं काही जण म्हणतात, पिल्लांना बघायला गेली होती असंही म्हणतात. मला वाटतं तिचं तिलाच माहीत नसावं.

उंबराखाली पुनवसू थेर बसले होते. थेर म्हणजे भिक्खूंमधले वडीलधारे. तीन पिल्लं मेली होती, ती त्यांनी मातीआड केली होती. चौथं, राखाडी रंगाचं, त्यांच्या मांडीवर होतं आणि चीवराचा कोपरा पेजेत बुडवून ते त्याला चाटवत होते.

थेर म्हणाले, “हे कोणाचं, मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे?”

गोधडीचा तुकडा तिथेच पडला होता. सामाने तो पाहिला आणि मान हलवली. “न्हाई, भंते. पर म्या सांभाळते.”

थेरांनी पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवलं. त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं, असं म्हणतात. पण त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

त्या दिवसापासून सामा गावात राहायला गेली नाही. लेण्यांच्या खालच्या अंगाला एक खोली कारागिरांनी अर्धवट कोरून सोडली होती. तिथे ती राहिली. राखाडी पिल्लाचं नाव भुरी. काही महिन्यांनी सामाने थेरांसमोर हात जोडले, तीन सरणं म्हटली, पाच शीलं घेतली आणि उपासिका झाली. शीलं म्हणताना तिचा आवाज खणखणीत असे, पण चौथ्याशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी आला की बारीक होई. दर पौर्णिमेला असंच होई. थेर डोळे मिटून ऐकत.

होडी मात्र तिनं सोडली नाही. अलीकडच्या काठावरून हाक आली की ती जाई. लोक पोती घेऊन येतच राहिले. आता बघा गंमत. तिच्याच होडीतून पोतं आणायचं, तिच्याच देखत उंबराखाली ठेवायचं, आणि तिच्याच होडीतून गावाकडे तोंड करून परत जायचं. ती एक शब्द बोलत नसे. त्यांना अलीकडे सोडे, उलटी फिरे आणि पोत्याची गाठ सोडे. कोणाचं पोतं कसलं हे तिला पाठ होतं. तांबड्या काठाचं पाटलाचं, मातीनं माखलेलं कुंभाराचं, भुसा लागलेलं सुताराचं. म्हणून तिनं मांजरांना नावंही तीच ठेवली. पाटील, कुंभारीण, सुतार, थोरली तेलीण, धाकटी तेलीण.

लेण्यांवरून जाणाऱ्या वाटसरूंची त्यामुळे करमणूक व्हायची. आतून सामाचा आवाज यायचा, “अगं कुंभारणी, पाटलाच्या पानात तोंड घालू नगंस. सुतारा, कुटं उलथलावतास रातभर?” वाटसरूला वाटे, आत सबंध गाव जेवायला बसलंय.

असं म्हणतात की आजारी मांजराच्या पोटावर ती हात ठेवी आणि तळहाताला ऊब लागेपर्यंत बसे, आणि मांजर उठे. मोडलेला पाय ती वेळूच्या कामट्या बांधून सरळ करी. आंधळी पिल्लं तिच्या पावलांच्या आवाजामागे चालत. हे सगळं ती करत होती, पण एक गोष्ट तिला जमत नव्हती. ती कोणाला जाऊ देत नसे. खोलीला तिनं वेळूची ताटी केली होती. आधी ती सांजेला लावायची, बिबट्याच्या भयाने. मग दुपारी लावू लागली. मग एकदा धाकटी तेलीण दोन दिवस दिसली नाही, त्यानंतर ताटी उघडायची ती सामाला आत-बाहेर करायला लागेल तेवढीच. मांजरं ताटीच्या फटींतून डोंगर बघत बसत. मेलेलं मांजरही ती दिवस दिवस मांडीवरून उतरवत नसे. थेर येऊन पुरायला सांगत, तेव्हा पुरे.

एकदा थेर ताटीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “सामे, ही खोली आणि ते पोतं, यांत फरक किती?”

सामा रागावली. चार दिवस तिनं त्यांना पेज नेऊन दिली नाही. पाचव्या दिवशी दिली, पण बोलली नाही. ताटी लावलेलीच राहिली.

अशी बारा वर्षं गेली. आणि त्या वर्षी वेळू फुलला.

वेळू माणसाच्या आयुष्यात एकदा फुलतो, फार तर दोनदा. सगळा डोंगर एकदम फुलतो, बी पडतं आणि बेट वाळून जातं. ते बी खायला कुठून कुठून उंदीर येतात, खाऊन खाऊन वाढतात, आणि बी संपलं की गावात उतरतात. म्हाताऱ्यांनी फुलोरा बघितला आणि कपाळाला हात लावला. चैत्रात उंदीर आले. असं म्हणतात की दुपारच्या उन्हात नदीकाठची वाट हलताना दिसायची, एवढे आले. कोणी सांगतं, त्यांनी नांगराच्या चामड्याच्या वाद्या खाल्ल्या, कोणी सांगतं, देवळातली घंटासुद्धा कुरतडली. घंटेचं जाऊ द्या. पण घराघरांतल्या कणग्यांना भोकं पडू लागली हे खरं होतं. कणग्यांत होतं भाताचं बियाणं. पेरणीला दीड महिना उरला होता. ते गेलं असतं तर पेरायला दाणा नव्हता, आणि पेरायला दाणा नाही तर गाव उठलंच.

गावात मांजर औषधालाही उरलं नव्हतं. होत्या त्या जाणत्या मांजरणी म्हाताऱ्या होऊन मेल्या होत्या आणि पिल्लं सगळी पोत्यांतून पल्याड गेली होती. त्यात उंदरांनी आपलं ठाणं मांडलं होतं गावाच्या मधोमध, जिथे बारा वर्षं माणसाचं पाऊल पडलं नव्हतं. ते घर सामाचं होतं.

नागू पाटील आणि सोमी कुंभारणीने अलीकडून हाक मारली आणि सामाने त्यांना पल्याड आणलं. ती खोलीपाशी येऊन ताटीबाहेर बसली.

“सामे, मांजरं दे,” नागू म्हणाला.

“कुनाची मांजरं?”

“तुझी.”

“माझी कुटली, नागूदादा? ती तांबूस बसलीया न्हवं, ती तुझी. तुझ्या तांबड्या काठाच्या पोत्यातनं आली. म्याच वल्हं मारलं. जाताना तू गावाकडं तोंड करून बसलावतास.” मग ती सोमीकडे वळली. “ह्यो लंगडा तुझा. पोतं आपटलं व्हतंस तू ठेवताना.”

सोमीने पदर तोंडाला लावला. नागूने त्या तांबूस मांजराकडे बघितलं. मग म्हणाला, “चुकलं. पर पोरं खातील काय? आन मांजरं न्हाई दिलीस तर न्हाई, तुझ्या घराचं दार तरी उघड. समदं तिथनं निघतंय.”

“त्या दाराला हात लावायचा न्हाई,” सामा म्हणाली. तिनं त्यांना अलीकडे सोडलं. या वेळी नागू तोंड फिरवून बसला नाही.

त्या संध्याकाळी पुनवसू थेर काठी टेकत खाली आले. बाकीचे भिक्खू चारिकेला, म्हणजे गावोगाव फिरायला, निघून गेले होते, थेरांच्याने आता चालवत नव्हतं. ते सामाशेजारी बसले. भुरी उठून त्यांच्या मांडीवर गेली. भुरीही म्हातारी झाली होती, तिची हाडं हाताला लागत.

“भंते,” सामा म्हणाली, “म्या मांजरं दिली तर उंदीर मरतील. त्योबी जीवच. मंग मला त्ये पाप न्हाई का?”

थेर हसले. “हे तुला आज आठवलं का?”

सामा ताटीची एक कामटी सरळ करू लागली.

“मांजराला मी शील देऊ शकत नाही, सामे. ते आपल्या जातीनं वागेल. पण घराला दारं दोन असतात. पुढच्यानं मांजर आलं आणि मागचं दार उघडं असलं, तर उंदराला जायला वाट राहते. वाट असली की बहुतेक जीव भांडत नाहीत.” मग त्यांनी भुरीच्या पाठीवर हात फिरवला. “ती पाटलाची, तो कुंभाराचा. आणि ही कोणाची? हिचं घर तू मला कधी सांगितलं नाहीस.”

बारा वर्षं जे चौथ्या शीलापाशी अडकत होतं ते बाहेर आलं. “माझी. म्याच टाकली. चार व्हती, भंते. तानी इचारत राहिली आन म्या म्हनलं येतील. ती म्हनाली दार लावू नगंस, आन म्या लावलं.” ती रडली. पोरीच्या मरणात रडली नव्हती एवढी रडली. थेरांनी तिला थांबवलं नाही. पार शेवटी ते एवढंच म्हणाले, “मग हिलाही घर आहे की.”

दुसऱ्या दिवशी वैशाखी पौर्णिमा होती. उजाडताच सामाने ताटी उचलली आणि बाजूला टाकून दिली. मांजरांना म्हणाली, “ज्याला यायचंय त्यानं या. न्हाई त्यानं ऱ्हावा.” आणि मागे न बघता नदीकडे चालू लागली. दहा पावलांवर ती थांबली. हीच तर ती जुनी रीत. तिनं मान वळवली आणि बघितलं. मांजरं रांगेनं मागून येत होती.

चार माणसांची होडी. मांजरं कोणी साठ सांगतं, कोणी तीनशे, आणि सगळी एकाच खेपेत मावली असं म्हणतात. एकानंही नख बाहेर काढलं नाही, एकही गुरगुरलं नाही. माझ्या घरात दोन आहेत, ती एका सुपात मावत नाहीत. पण सामाईच्या होडीत मावली, आणि होडी पाण्यात बोटभरही जास्त बुडाली नाही.

गाव घाटावर उभं होतं. सामाने सांगितलं, “समद्यांनी दोन्ही दारं उघडा. परसदार आधी. मागच्या डोंगराकडची वाट मोकळी ठेवा. दगड मारायचा न्हाई, काठी उगारायची न्हाई.” लोक पळाले.

आणि मग जे झालं ते कळकशेत अजून विसरलेलं नाही. पोत्यात घालून, गिरक्या घेऊन, डोळे उघडायच्या आत टाकलेली ही मांजरं. त्यांनी गाव कधी पाहिलंच नव्हतं. तरी प्रत्येक मांजर आपापल्या घरी गेलं, असं म्हणतात. तांबूस मांजर पाटलाच्या उंबऱ्यावर जाऊन बसलं. लंगडा बोका कुंभाराच्या चाकावर चढला. सोमीने त्याच्यापुढे पेज ठेवली. बोक्याने आधी पेज खाल्ली, मग सोमीकडे पाहिलं. त्याच्या मनात काही नव्हतं. राग धरणं मांजरांना जमत नाही असं नाही, पण पेजेपुढे ते टिकत नाही.

मांजरं पुढच्या दारांत नुसती बसली. हलली नाहीत, झेपावली नाहीत. आणि आतले उंदीर परसदारांनी निघाले, गल्लीतून, बांधावरून, डोंगराकडे. दिवसभर जात होते. त्या दिवशी कळकशेतात एकही उंदीर मेला नाही, असं म्हणतात. मांजराच्या जातीला इतका धीर कुठून आला, मला विचारू नका. मी माझ्या बोक्याला ही गोष्ट दोनदा सांगितली आहे. काही उपयोग झालेला नाही.

शेवटी उरलं सामाचं घर. भुरी उंबऱ्यापाशी जाऊन बसली होती. सामाने दोरीला हात घातला. गाठी पावसाने घट्ट झाल्या होत्या. नागूने कोयता पुढे केला. “नगं,” सामा म्हणाली, “म्या बांधली, म्याच सोडते.” बोटांची सालं गेली तेव्हा गाठ सुटली.

आत तानीची गोधडी होती. म्हणजे गोधडी उरलीच नव्हती. उंदरांनी तिच्या चिंध्या करून कोपऱ्यात घरटं केलं होतं, आणि घरट्यात डोळे न उघडलेली पिल्लं होती, लाल, बोटाच्या पेराएवढी. त्यांची आई त्यांच्या पुढे उभी होती. बाकीचे उंदीर कधीच गेले होते, ही गेली नव्हती. भुरी आली आणि हातभर अंतरावर बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

सामाही बघत राहिली. बारा वर्षं तिनं दारं बांधून जे जपलं होतं, ते हे. तिला वाईट वाटलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की तानीला हे आवडलं असतं. तिच्या गोधडीत पुन्हा कोणीतरी व्यायलं होतं.

ती आत गेली आणि परसदाराची दोरी सोडली. दार उघडलं. वारा आला, उजेड आला. “तानी,” ती म्हणाली, “दार उघडलं ग.” उशीर झाला होता, पण तिनं सांगितलं.

मग तिनं घरटं अलगद गोधडीच्या चिंधीत उचललं. जशी एकदा मनीची पिल्लं उचलली होती, तसंच. या वेळी गिरक्या घेतल्या नाहीत, गाठ मारली नाही. वेळूच्या बेटापर्यंत ती उघड्या ओंजळीत पिल्लं घेऊन चालत गेली आणि उंदरीण तिच्या मागून चालत आली. गावाने हे पाहिलं. सावलीत पिल्लं ठेवून ती परत फिरली, आणि परत येताना तिनं तीनदा मागे वळून पाहिलं.

बियाणं निम्म्याहून जास्त वाचलं. ज्यांचं गेलं त्यांना ज्यांचं उरलं त्यांनी दिलं. त्या वर्षी लावणी झाली, उशिरा पण झाली.

भुरी त्या घरात आठ दिवस राहिली. उन्हात झोपली, तानीच्या जागेवर बसली. नवव्या दिवशी सकाळी ती परसदारातून बाहेर पडली आणि डोंगराकडे चालू लागली. मांजराला आपली वेळ कळते. सामा दारात उभी होती. हाक तोंडाशी आली होती, तिनं ती मारली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते येऊ दिलं. भुरी बांधावर थांबली, वळून बघितलं आणि गेली. सामा दार उघडंच ठेवून चुलीपाशी आली आणि भात लावला. त्या दिवशी ती पोटभर जेवली, असं म्हणतात, आणि गोष्टीतला हा भाग मला सगळ्यात खरा वाटतो.

त्यानंतर सामा बरीच वर्षं जगली. तिच्या घरी मांजरं येत, जात. कोणी पिल्लू आणलं तर घेई, कोणी मागायला आलं तर देई. मात्र ते कोणाच्या घरचं, हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मांजरांना घरांची नावं ठेवणंही सोडलं. लोक तिला सामाई म्हणू लागले ते याच दिवसांत. ती कशी गेली याबद्दल दोन मतं आहेत. कोणी म्हणतं, वैशाखातल्या एका सकाळी ती होडीत बसली आणि होडी वल्ह्याशिवाय, धारेच्या उलट, वर वर गेली, दोन्ही काठांनी मांजरं चालत होती. कोणी म्हणतं, दुपारी दोन्ही दारं उघडी टाकून ती आडवी झाली आणि उठली नाही. हवं ते खरं माना.

कळकशेतात आता पूल आहे, होडी गेली. लेण्यांत वटवाघळं असतात. त्या अर्धवट खोलीला अजूनही ताटी नाही, आणि तिथल्या दगडात एक खळगा आहे, मांजराच्या पंजाएवढा. त्यात गावची माणसं पेज ओततात. पोत्याची रीत त्या पौर्णिमेला गेली ती गेलीच. पिल्लू कोणाला द्यायचं तर उघड्या ओंजळीतून न्यायचं, वाट दाखवत न्यायचं, आणि ठेवून परत येताना तीनदा मागे वळून बघायचं. शेजारच्या गावचे लोक आम्हाला त्यावरून हसतात. प्रत्येक घराच्या दोन्ही दारांना खाली वीतभर भोक असतं, त्याला सामाईची वाट म्हणतात. नव्या सिमेंटच्या घरांनाही ते ठेवतात, गवंडी कुरकुरतो तरी. वैशाखी पौर्णिमेला बौद्धवाड्यातल्या विहारापासून पाटलाच्या घरापर्यंत सगळ्यांची दोन्ही दारं उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत उघडी असतात. आणि कोणी गेलं, की तेरा दिवस त्या घराची दारं दिवसा लावत नाहीत. सामाई सांगून गेली आहे, म्हणतात.

मागच्या साली आमची ही गेली. मीही दारं उघडी ठेवली होती. खरं सांगतो, लावून घ्यावीत असं फार वाटायचं. सहाव्या दिवशी परसदारातून एक मांजर आत आलं, काळंपांढरं, कान फाटलेला. घरभर फिरलं आणि हिच्या पाटावर जाऊन बसलं. ते कोणाचं, मी विचारलं नाही. उठलो आणि पेज ठेवली.